मागच्या सीटवरची पाठ

महेश्वरला जायला इंदूरच्या लोकमान्य नगरातून निघून राऊ येईपर्यंत मावशी तीनदा म्हणाली, "अरे, जुन्या गाडीत मी महूपर्यंत डुलकी काढायचे." गाडी नवीकोरी, चाकं मोठी, अलॉयची. चालवायला चुलतभाऊ, शेजारी मी, आणि मागे मावशी एकटीच. मला फारसं काही जाणवत नव्हतं, म्हणून आधी वाटलं, वयाचं असेल. पण तिचं खरं होतं, आणि निम्मं कारण त्या "एकटीच"मध्ये होतं.

स्प्रिंगवर ठेवलेल्या कुठल्याही वजनाची वरखाली होण्याची स्वतःची एक लय असते. मोटारीची ती सहसा सेकंदाला एक ते दीड हेलकावे, म्हणजे 1 ते 1.5 हर्ट्झच्या आसपास ठेवतात. शरीराला हे मानवतं. चालताना आपण सेकंदाला साधारण दोनदा वरखाली होतोच. खालून 4 ते 8 हर्ट्झचे हादरे यायला लागले की मात्र पंचाईत होते, कारण आपलं पोट आणि धड त्याच लयीला साथ देतं. मग गाडी अगदीच मऊ का करत नाहीत? लय अर्ध्या हर्ट्झच्या खाली गेली की पाठीऐवजी पोट तक्रार करतं आणि गाडी लागते.

आता मागची सीट. मागच्या स्प्रिंगांना तीन माणसं आणि डिकीभर सामान पेलायचं असतं, म्हणून त्या मुळातच ताठ. वर वजन नसलं की त्या उसळतात. मागच्या भागावरचं वजन दीडपट झालं, तर हेलकाव्यांची लय सुमारे 18 टक्क्यांनी संथ होते. मामा-मामी ऐनवेळी गळाले नसते तर मावशीची पाठ कमी दुखली असती! शिवाय पुढची माणसं दोन्ही आसांच्या मधे बसतात, मागची जवळजवळ चाकांवरच.

मागच्या ताठपणाला आणखी एक कारण आहे. पुढचं चाक उंचवट्यावर चढतं, मागचं जरा उशिरा. दोन चाकांत अडीच मीटर अंतर आणि वेग ताशी 36 किलोमीटर असेल, तर बरोबर पाव सेकंदाने. दोन्हीकडच्या स्प्रिंगा सारख्याच असल्या तर गाडी झोपाळ्यासारखी पुढेमागे झुलत राहते. रोल्स-रॉइसमधून कॅडिलॅककडे गेलेल्या मॉरिस ऑली या इंजिनियरने 1930 च्या दशकात दाखवलं की मागची लय थोडी जलद ठेवली, तर मागचा भाग पुढच्याला गाठतो आणि झुलणं लवकर विरतं. सगळ्या गाडीच्या भल्यासाठी मागच्याने थोडं सोसायचं, असा हा हिशेब.

रस्त्याचाही दोष आहेच. "मालव धरती गहन गंभीर, डग डग रोटी, पग पग नीर" म्हणून आपण मिरवतो, ती काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वरचं डांबर तिच्याबरोबर हलतं आणि रस्त्याला लांब लाटा येतात. लाटेवर गाडी डोलते, ते शॉकअपने आवरायचं. त्यातलं तेल बारीक छिद्रांतून ढकललं जातं आणि डोलण्याची ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. बॉनेटचा कोपरा दाबून सोडा. गाडी दोनतीनदा उसळत राहिली तर शॉकअप गेले समजा.

धारदार कडेचा खड्डा ही वेगळीच जात. त्याचा पहिला मार टायर खातो. टायरवरचा पहिला आकडा म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, दुसरा म्हणजे भिंतीची उंची त्या रुंदीच्या किती टक्के. म्हणून 165/80 टायरची भिंत 132 मिलिमीटर उंच असते, 195/55 ची फक्त 107. पंचवीस मिलिमीटरची गादी आपण दिसण्यापायी घालवतो, वर पैसे मोजून. भाऊ म्हणाला, "उडवून नेली की खड्डे कळत नाहीत, भिया." मुरमाच्या पन्हाळी रस्त्यावर हे अर्धं खरं आहे. पाऊण मीटरवर एक वळी असेल, तर ताशी 30 ला चाकाला सेकंदाला 11 दणके बसतात, आणि चाकाची स्वतःची उड्या मारण्याची लय 10 ते 15 हर्ट्झ. वेग वाढवला की ही लय मागे पडते आणि आत शांत वाटतं. पण चाक तेव्हा वळ्यांच्या माथ्यामाथ्यांवरून जात असतं आणि ब्रेकला पकड उरत नाही.

वाटेत पीथमपूरचा फाटा लागला. तिथल्या नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्राचा 11.3 किलोमीटरचा वेगाचा ट्रॅक 2021 मध्ये सुरू झाला, तो सगळ्यांना ठाऊक असतो. मला तिथले मुद्दाम बांधलेले खडबडीत पट्टे जास्त आवडतात. आपल्याकडे तेवढ्यासाठी खर्च करायची गरज काय, असं मावशीचं मत.

महेश्वरला सकाळी टायर थंड असताना हवा पाहिली. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर 33 पीएसआय, भरलेली 40, म्हणजे टायरची उरलीसुरली गादीही ताठ. "ॲव्हरेज चांगलं पडतं" म्हणून कुणीतरी भरून दिलेली. मावशीने आणलेली जाड फोमची उशीही काढायला लावली. माणूस बसलेला फोम स्वतःच 4 हर्ट्झच्या आसपास डोलतो, म्हणजे नेमका नको तो हादरा वाढवतो. तिला ते मुळीच पटलं नाही.

परतीला ती पुढे बसली, मी मागे. मानपूरच्या आतच ती घोरायला लागली. उशी मांडीवर घेऊन मी खड्डे मोजत होतो.