सरकीच्या कन्व्हेअरवरची जाळी कोणी काढली?

दसरा-दिवाळीच्या सुमारास धरणगाव, बोदवड, जामनेर, शिरपूर, शहादा या पट्ट्यातल्या जिनिंग, म्हणजे कापसातून रुई आणि सरकी (कापसाचे बी) वेगळी करणारे कारखाने, सुरू होतात. हंगाम काही महिन्यांचा, मजूर बहुतेक हंगामी आणि काम पाळ्यांमध्ये. अशा ठिकाणी अपघात झाला की नोंदवहीत बहुधा एक ठरलेली ओळ पडते, ‘कामगाराच्या निष्काळजीपणामुळे’. ओळ पडली की चौकशी मिटते. धोका मात्र जिथल्या तिथे.

एक नेहमीचा प्रकार घेऊ. रुई वेगळी झाल्यावर उरलेली सरकी जमिनीतल्या पन्हाळीतून पुढे जाते. पन्हाळीत लोखंडी मळसूत्र फिरत असते, तोच स्क्रू कन्व्हेअर. वर जाळी असावी लागते. समजा, रात्रपाळीत सरकी तुंबली, एकाने ती पायाने ढकलली आणि पाय मळसूत्रात गेला. हे यंत्र संथ फिरते म्हणून निरुपद्रवी वाटते. पण मळसूत्राचे पाते आणि पन्हाळीची कड यांच्या मधल्या फटीत काही अडकले, की प्रत्येक फेरा त्याला आणखी आत ओढतो. उलटे फिरवून पाय सोडवायला जाऊ नये, जखम वाढते. वीज तोडायची, पुन्हा कोणी चालू करणार नाही याची सोय करायची, मग भाग खोलायचे.

जखमी दवाखान्यात रवाना झाला की पुढचा तासभर मोलाचा. नेमक्या याच वेळात कोणीतरी झाडू मारतो, जाळी जागेवर ठेवतो आणि पाळी पुन्हा सुरू होते. त्याआधी चारही बाजूंनी फोटो घ्यावेत, शेजारी मोजपट्टी ठेवून. पॅनलवरचे कोणते बटण कोणत्या स्थितीत होते, दिवे किती लागले होते, जमिनीवर तेल किंवा रुई होती का, हेही टिपावे. जाळी भिंतीला टेकवलेली सापडली तर ती नीट न्याहाळावी. तिच्यावर रुईच्या धुळीचा थर असेल, चौकटीतल्या बोल्टच्या भोकांत कीट घट्ट बसलेले असेल, तर ती आज निघालेली नाही. कित्येक दिवस ती तशीच पडून आहे आणि येता-जाता सगळ्यांनी पाहिली आहे. आता प्रश्न एका माणसाचा राहत नाही.

जबाब एकेकट्याचे घ्यावेत, मुकादम आणि मालक समोर नसताना. सातपुड्यातून आलेल्या मजुराशी पावरी किंवा भिली जाणणारा माणूस सोबत हवा. अहिराणी बोलणाऱ्याला ‘काय व्हयनं?’ एवढेच विचारून गप्प बसावे. ‘तू जाळी का काढलीस?’ हा प्रश्न नव्हे, आरोप आहे. शब्द आठवणही बदलतात. 1974 मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना मोटारींच्या धडकेच्या फिती दाखवून वेग विचारला. प्रश्नात ‘आदळल्या’ अशा जोरकस क्रियापदाने सरासरी अंदाज ताशी 40.8 मैल आला, तर ‘टेकल्या’ अशा सौम्य क्रियापदाने 31.8. फिती त्याच होत्या.

मग ‘का?’ विचारत मागे जायचे. ही एक सरळ साखळी नसते, तिला फांद्या फुटतात. पायाने का ढकलली? सरकी वारंवार तुंबत होती आणि दांडा जवळ नव्हता. यंत्र बंद का केले नाही? बटण शेडच्या दुसऱ्या टोकाला होते आणि कन्व्हेअर थांबला की मागच्या सगळ्या जिन, म्हणजे रुई वेगळी करणारी यंत्रे, थांबवाव्या लागतात. मजुरी गठाणीमागे, म्हणजे दाबलेल्या रुईच्या गठ्ठ्यामागे, असेल तर हा खोळंबा कामगाराच्या खिशातून जातो. सरकी तुंबत का होती? परतीच्या पावसात भिजलेला कापूस. सीसीआय, म्हणजे सरकारी भारतीय कापूस महामंडळ, 8 टक्के ओलाव्याला पूर्ण भाव देते आणि 12 टक्क्यांच्या वरचा कापूस घेत नाही, पण गेटवर आलेली गाडी परत पाठवायला हंगामात कोणाचे मन होत नाही. ओल्या कापसाचे रेचन, म्हणजे सरकीपासून रुई सोडवणे, नीट होत नाही, रुई चिकटलेले सरकीचे पुंजके पन्हाळीत येतात आणि तिथे त्यांचा बोळा होतो. म्हणजे रात्रपाळीतल्या पायाची गोष्ट दुपारी कापूस-खरेदीच्या ओट्यावर सुरू झालेली असते.

88 टक्के अपघात कामगारांच्या चुकीने होतात, हा आकडा आजही प्रशिक्षणात ऐकू येतो. तो अमेरिकी विमा क्षेत्रातल्या हर्बर्ट हाइनरिक यांनी 1931 मध्ये मांडला. त्यामागचे बरेचसे अहवाल पर्यवेक्षकांनी लिहिलेले होते, आणि पर्यवेक्षक स्वतःच्या व्यवस्थेकडे बोट कशाला दाखवेल? हा आकडा भिंतीवरून उतरवलेलाच बरा.

उपाय ठरवताना क्रम पाळावा. ‘सावध राहा’चा फलक सगळ्यात कमजोर. आधी तुंबणेच कमी करायचे, म्हणजे ओला कापूस वेगळा ठेवून वाळवायचा आणि मगच जिनवर घ्यायचा. मग जाळी. ती पान्याशिवाय निघू नये, आणि उघडली तर कन्व्हेअर आपोआप थांबावा. भोकांचे मापही डोळ्यांच्या अंदाजाने ठरवू नये. आयएसओ 13857 या यंत्रसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार फट 12 ते 20 मिलिमीटर असेल तर जाळी फिरत्या भागापासून किमान 120 मिलिमीटर दूर हवी, नाहीतर बोट तिथवर पोचते. कन्व्हेअरच्या पूर्ण लांबीला ओढताच यंत्र थांबवणारी दोरी लावावी. सफाईला उतरण्यापूर्वी मुख्य स्विच पाडून प्रत्येकाने आपले कुलूप लावायचे, किल्ली आपल्याच खिशात. त्यानंतर चालू करण्याचे बटण एकदा दाबून बघायचे. कुलूप भलत्याच स्विचला लागले असेल तर ते इथेच कळते.

आगीचा तपासही याच वाटेने जातो, फक्त पुरावा लवकर जळून जातो. कापसातून आलेला दगड किंवा खिळा पात्यावर घासला की ठिणगी उडते, आणि हवेच्या पाइपमधून ती क्षणात पुढच्या खोलीत पोचते. म्हणून आग दिसते एकीकडे, लागलेली असते दुसरीकडे. दाबलेल्या 170 किलोच्या गठाणीत विस्तव शिरला तर तो थोड्याशा हवेवर दिवसेंदिवस धुमसतो. वरून ओतलेले पाणी आतपर्यंत जात नाही. संशयित गठाण गोदामात न नेता उघड्यावर, इतर मालापासून लांब ठेवून कित्येक दिवस तपासत राहावी.

1948 च्या कारखाने अधिनियमाने यंत्राच्या धोकादायक भागांना कुंपण बंधनकारक केले, आणि 48 तास किंवा जास्त काळ काम बुडवणारी इजा झाल्यास सूचना देणेही. कायद्याचा कागद तेवढ्यावर पुरा होतो. जाळीची खरी तपासणी महिनाभराने करावी, पाऊस पडून गेल्यावर, ओला कापूस चालू असताना, रात्री दोनच्या सुमारास आणि न कळवता.