कुत्र्याचा जीपीएस पट्टा: ठिपका तुमच्यापर्यंत आणतं कोण?

दिवाळीच्या आधी जतहून पुतण्याचा फोन आला.

"काका, येताना कुत्र्याचा तो जीपीएसचा पट्टा घेऊन या की. तिकडं शिकारीवाले वापरतात तसला."

"कुठला?"

"कुठला म्हणजे? जीपीएसचा."

चूक त्याची नाही. खोक्यावर दोन्हीकडं 'जीपीएस' असंच छापलेलं असतं. दोन्ही पट्टे कुत्र्याच्या गळ्यातच बसतात आणि दोन्हींमुळं नकाशावर कुत्र्याचा ठिपका फिरताना दिसतो. फक्त एकाला साधारण आठ-नऊशे डॉलर पडतात आणि दुसरा शंभराच्या आसपास मिळतो. महाग तोच चांगला असं धरून मी पहिला उचलून नेला असता, तर पुतण्याच्या वाघ्याच्या गळ्यात पाव किलोचं लोढणं तेवढं अडकलं असतं.

मी राहतो ते गाव नॉर्थ कॅरोलिनाच्या पश्चिमेला, हेवूड काउंटीत. भोवती डोंगरच डोंगर आणि त्यांत प्लॉट हाउंड पाळणारी माणसं. हे इथल्या मातीतलं कुत्रं. १७५० च्या सुमारास जर्मनीहून आलेल्या प्लॉट घराण्यानं ही जात जोपासली, आणि १९८९ पासून ती या राज्याची अधिकृत श्वानजात आहे. अंगावर वाघासारखे पट्टे, आवाज घंटेसारखा, आणि अस्वलाचा माग लागला की घरदार विसरणारी जात. माझ्या शेजाऱ्याकडं अशी सहा आहेत. मी बंदूक हातात घेत नाही, पण ऑक्टोबरात त्याच्या पिकअपमध्ये बसून दोन-तीनदा गेलोय. तिथंच हे पट्ट्यांचं प्रकरण मला उलगडलं.

मुळात जीपीएस म्हणजे नुसतं ऐकणं आहे. साधारण वीस हजार किलोमीटर उंचीवरचे उपग्रह सतत सांगत असतात की आत्ता किती वाजलेत आणि मी कुठं आहे. पट्ट्यातला चिमुकला रिसीव्हर चार-पाच उपग्रहांचं हे बोलणं ऐकतो, प्रत्येकाचा निरोप पोचायला किती वेळ लागला त्यावरून अंतरं काढतो आणि आपली जागा ठरवतो. बस्स. वर कोणालाही तुमचा कुत्रा दिसत नसतो. कुत्रा कुठं आहे हे फक्त पट्ट्याला कळलेलं असतं, आणि पट्टा असतो तीन डोंगरांपलीकडं. खरी अडचण इथून पुढची आहे. तो पत्ता कुत्र्याच्या मानेपासून तुमच्या हातापर्यंत पोचवायचा कोणी? दोन पट्ट्यांत फरक आहे तो या निरोप्याचा.

शेजाऱ्याच्या पट्ट्यात निरोप्या म्हणजे त्याचा स्वतःचा रेडिओ. पट्ट्याला पोलादी तारेची एक लवचिक काठी असते, ती कुत्र्याच्या पाठीवर उभी राहते आणि पळताना लगलगते. ती रेडिओची अँटेना. जीपीएसचा छोटा डबा मानेवर, आकाशाकडं तोंड करून, आणि बॅटरीचा जड भाग गळ्याखाली, म्हणजे वजनानं पट्टा फिरत नाही. शेजाऱ्याच्या हातात वॉकीटॉकीएवढं यंत्र. पट्टा थेट त्या यंत्राशी बोलतो, मध्ये कोणी नाही. गार्मिनचे अल्फा मालिकेतले पट्टे अमेरिकेत १५१ ते १५४ मेगाहर्ट्झमधल्या पाच वाहिन्यांवर बोलतात. 'मर्स' नावाची ही सेवा तिथल्या दूरसंचार आयोगानं, म्हणजे एफसीसीनं, २००० साली खुली केली. दोन वॉटपर्यंत परवाना लागत नाही, महिन्याचं भाडं नाही. ठिपका अडीच सेकंदाला एकदा हलू शकतो आणि एका यंत्रावर वीस कुत्री दिसतात. डॉग्ट्राच्या पाथफाइंडरमध्ये पडदा म्हणून तुमचाच मोबाइल वापरतात, पण कुत्र्यापासून तुमच्यापर्यंतचं बोलणं तिथंही रेडिओचंच.

खोक्यावर लिहिलेलं असतं: पल्ला नऊ मैल. म्हणजे साडेचौदा किलोमीटर. हा आकडा खोटा नाही, पण त्यासाठी तुम्ही आणि कुत्रा एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात असायला हवेत. कुत्र्याची अँटेना जमिनीपासून हात-दीड हात वर, भोवती ओली झाडी, मध्ये डोंगराची सोंड. अशा वेळी नऊ मैलांचे दोन झाले तरी नशीब म्हणायचं. म्हणून ही माणसं सारखी चढावर जाताना दिसतात. शेजाऱ्यानं गाडीच्या टपावर लोहचुंबकाची अँटेना चिकटवली आहे. ठिपका गेला की तो काही न बोलता गाडी वर घेतो, पुढच्या खिंडीत थांबतो, यंत्राकडं बघतो. ठिपका परत येतो. त्याच्याशेजारी एक चिन्ह असतं: कुत्रा पळतोय, थांबलाय की 'ट्रीड' आहे. ट्रीड म्हणजे अस्वल झाडावर चढलंय आणि खाली कुत्रं मान वर करून भुंकतंय. पट्ट्यातल्या सेन्सरला मानेचा तो कल कळतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं. चार किलोमीटरवरच्या कुत्र्यानं मान वर केली हे इथं गाडीत बसून कळतंय.

दर थोड्या सेकंदांनी खबर लागते ती नुसत्या हौसेपायी नाही. या भागात दोन गोष्टींची धास्ती असते. एक रस्ता: पिजन नदीच्या घळीतून आंतरराज्य महामार्ग ४० जातो, आणि माग काढत धावणारं कुत्रं ट्रक बघत नाही. दुसरी ग्रेट स्मोकी राष्ट्रीय उद्यानाची हद्द. आत शिकारीला पूर्ण बंदी आहे, आणि अस्वलाला तर हद्द कुठं हे माहीतच असावं असं शेजारी म्हणतो. यंत्रावर हद्दीची रेघ आखून ठेवता येते, ठिपका तिच्यापाशी आला की यंत्र ओरडतं. ठिपका पंधरा मिनिटं जुना असेल तर त्या ओरडण्याला काही अर्थ उरत नाही.

दुसऱ्या जातीच्या पट्ट्यात निरोप्या म्हणजे मोबाइलचं जाळं. आत सिम असतं. पट्टा जागा ठरवतो, जवळच्या टॉवरमार्फत कंपनीच्या सर्व्हरला कळवतो, तिथून ती तुमच्या फोनवरच्या अॅपमध्ये येते. ऑस्ट्रियाची ट्रॅक्टिव्ह, अमेरिकेतली फाय, ही या घरातली नावं. यंत्र सुपारीच्या डबीएवढं, वजन नगण्य, लांब अँटेना नाही. वरून महिन्याची किंवा वर्षाची वर्गणी, ती थांबली की पट्टा मुका. अंतराला मात्र मर्यादा नाही. तुम्ही न्यूयॉर्कात आणि कुत्रं हेवूडमध्ये असलं तरी ठिपका दिसतो. कोणी कुत्रं गाडीत घालून नेलं तर रेडिओवाला काही मैलांत आंधळा होतो, सिमवाल्याला ते पुढच्या जिल्ह्यातही दिसतं.

पण साखळीत टॉवर आला की दोन्ही टोकांना रेंज लागते, कुत्र्याच्या आणि तुमच्याही. हे माणसं विसरतात. शेजाऱ्याच्या जावयानं स्वस्त पडतो म्हणून असा एक पट्टा घेतला आणि धाकट्या कुत्रीला बांधला. (कंपनीचं नाव सांगत नाही, दोष तिचा नव्हताच.) सकाळी नऊला तिचा ठिपका एका सोंडेवर थांबला. आम्ही तासभर चढून तिथं पोचलो तर कुत्री नाही, विष्ठा नाही, काही नाही. ठिपका शिळा होता. सोंडेवर तिला शेवटची रेंज मिळाली होती, मग ती खाली दरीत उतरली आणि अॅप बिचारं शेवटचं ठिकाण दाखवत बसलं. वेळ कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेली होती, ती आमच्यापैकी कोणी वाचली नाही. कुत्री दुपारी एका शेताच्या फाटकापाशी, पाय सोलवटलेली, सापडली. त्या दिवसापासून अॅप उघडलं की मी आधी वेळ बघतो, मग नकाशा.

सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळ या डोंगरांवरून गेलं. महामार्ग ४० चा काही भाग नदीनं खाल्ला, आणि कित्येक दिवस मोबाइलचे टॉवर बंद होते. सिमवाले पट्टे तेवढे दिवस शोभेचे. शेजाऱ्याची यंत्रं मात्र गाडीच्या बॅटरीवर चार्ज होत होती आणि कुत्री दिसत होती. जाळं कंपनीचं असलं की दुसराही एक धोका असतो. अमेरिकेत २०२२ मध्ये मोठ्या कंपन्यांनी थ्रीजी बंद केलं, तेव्हा त्यावर चालणारे जुने पट्टे चांगले धडधाकट असून एका दिवसात कचऱ्यात गेले.

बॅटरीचा हिशेब वरवर पाहिला तर फसतो. रेडिओवाला पट्टा वीस ते चाळीस तास चालतो, म्हणजे रोज रात्री चार्जिंगला. सिमवाला आठवडाभर चालतो म्हणतात, पण ते कुत्रं घरात वायफायजवळ लोळत असताना. 'लाइव्ह' बटण दाबून पाठलाग सुरू केला की बॅटरी झरझर उतरते. रेंज क्षीण असेल तर टॉवर शोधण्यातच निम्मी जाते.

नावांतही घोळ आहे. गार्मिनमध्ये नुसतं 'टी' लिहिलेला पट्टा फक्त माग दाखवतो, 'टीटी' असेल तर त्यात विजेचा झटका देण्याची सोयही असते. शेजारी ती वापरतो, मला ती आवडत नाही, आमचं त्यावर कधीच एकमत झालेलं नाही. वेल्समध्ये असे पट्टे २०१० पासून बंद आहेत. यंत्राच्या नावापुढं 'आय' दिसला की लोकांना वाटतं कुत्र्याला उपग्रहातून शोधता येईल. तो उपग्रह माणसासाठी आहे, पाय मोडला तर हातातल्या यंत्रावरून मदत मागायला. कुत्र्याचा पट्टा तिथंही रेडिओवरच. आणि कोणी एअरटॅग सुचवला तर सोडून द्या. त्यात जीपीएस नाहीच, जवळून कोणाचा आयफोन गेला तरच तो सापडतो. रानात कोण आयफोन घेऊन बसलंय?

उपग्रहामार्फत बोलणारे पट्टेही असतात, आणि त्यातला एक आपल्याकडं गाजलेला आहे. यवतमाळच्या टिपेश्वरमधल्या टी१सी१ वाघाला फेब्रुवारी २०१९ मध्ये पट्टा बांधला होता. तोच पुढं 'वॉकर' म्हणून ओळखला गेला. महाराष्ट्र-तेलंगणातली शेतं, रस्ते ओलांडत तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत पोचला. नऊ महिन्यांत सुमारे तीन हजार किलोमीटरची चाल नोंदली गेली. वाघाच्या अभ्यासकाला तासाला एक ठिकाण मिळालं तरी पुरतं. अस्वलामागं धावणाऱ्या कुत्र्याला पुरत नाही, आणि सेकंदा-सेकंदाला उपग्रहामार्फत निरोप धाडायचे तर बॅटरी आणि पैसा दोन्ही उडतात. म्हणून तो प्रकार वाघांकडंच राहिला.

आता वाघ्याकडं येतो. पुतण्याचा वाघ्या कारवान जातीचा, सडपातळ, उंच, बकऱ्यांमागं फिरणारा. शिकारीचा प्रश्नच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं सशामागं कुत्रं सोडणंही गुन्हा आहे, आणि पुतण्याला ते पक्कं माहीत आहे. त्याची काळजी वेगळी. वाघ्या दोनदा तीन-तीन दिवस गायब झाला, आणि कारवान पिल्लांना आता चांगला भाव असल्यामुळं कुत्री चोरीलाही जातात. अशा कामाला शेजाऱ्यासारखा पट्टा चुकीचा. शिवाय तो भारतात आणायचाच नाही. अमेरिकेतली १५१-१५४ मेगाहर्ट्झची मोकळीक तिथल्यापुरती आहे. आपल्याकडं त्या लहरींना विनापरवाना वापराची सूट नाही. युरोपातले शिकारी पट्टेसुद्धा १५५ च्या आसपास वेगळ्या लहरींवर चालतात, म्हणून युरोपातला अमेरिकेत आणि अमेरिकेतला युरोपात चालवत नाहीत.

त्याला सिमवालाच हवा. पण तोही इथून नेण्यात अर्थ कमी. परदेशी पट्ट्यात कंपनीचंच सिम आत पक्कं बसवलेलं असतं, ते भारतात चालतं की नाही हे घेण्याआधी बघावं लागतं. भारतातच घेतला तर आधी विचारायचं की टूजी की फोरजी. बाजारात टूजीवर चालणारे बरेच स्वस्त ट्रॅकर आहेत, आणि जिओकडं टूजी नाहीच. त्यात जिओचं सिम घातलं तर यंत्र गप्प बसतं आणि दुकानदार म्हणतो, सिममध्येच गडबड आहे.

मी त्याला म्हटलं, "पट्टा राहू दे. आधी दोन फोन घे, एक जिओचा, एक एअरटेलचा, आणि वाघ्या जिथं जिथं जातो तिथं फिरून ये. फोन कानाजवळ नाही, गुडघ्याजवळ धर. कुत्र्याची मान तिथं असते."

संध्याकाळी त्याचा फोन. "माळावर दोन्ही चालतात. देवळामागं एअरटेल दोन काड्या, जिओ एक. खाली ओढ्यात दोन्ही शून्य."

"ओढ्यात जातो का तो?"

"काका, उन्हाचा दिवसभर तिथंच बसतो की. भाकरीच्या वेळेला वर येतोय."

मग फोरजीचा घे म्हटलं, एअरटेलचं सिम घाल, आणि दुपारी ठिपका ओढ्याच्या काठावर थांबलेला दिसला तर लगेच शोधायला पळू नकोस.