पार्श्वभूमी : ‘न्यायवैद्यक’ या एका शब्दामागचे तज्ज्ञ

पुण्यात खुनाचा किंवा संशयास्पद मृत्यूचा गुन्हा दाखल झाला की मुद्देमालाला तीन वाटा फुटतात. मृतदेह सरकारी रुग्णालयाच्या शवागारात जातो. व्हिसेराच्या, म्हणजे मृतदेहातून काढलेल्या अवयवांच्या बरण्या, रक्ताने माखलेले कपडे आणि घटनास्थळी सापडलेली बाटली गणेशखिंडीतल्या विभागीय प्रयोगशाळेत जातात. चिठ्ठीवरचे अक्षर आणि पेल्यावरचे ठसे राज्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाकडे जातात, आणि त्याचे मुख्यालय पुण्यातच आहे. बातमीत मात्र या सगळ्यांना मिळून एकच नाव असते : ‘न्यायवैद्यक अहवाल’.

या शब्दाने बराच घोळ घातला आहे. न्यायवैद्यक हे डॉक्टरचे शास्त्र. जखम कशाने झाली, मृत्यूला किती तास झाले, ती जखम मृत्यूपूर्वीची की नंतरची, हे तो सांगतो. प्रयोगशाळेच्या पाटीवर ‘न्यायसहायक’ असे लिहिलेले असते. तिथे रसायनशास्त्र, जीवशास्त्र, भौतिकशास्त्र शिकलेली माणसे काम करतात, त्यांच्या हातात स्टेथोस्कोप नसतो. पोलीस ठाण्यात तिसराच शब्द चालतो : ‘सीए’. केमिकल अ‍ॅनालायझर या जुन्या पदाचे ते लघुरूप. ‘पीएम (शवविच्छेदन) झालं, व्हिसेरा राखून ठेवलाय, सीए (प्रयोगशाळेचा अहवाल) यायचाय,’ असे हवालदार सांगतो तेव्हा त्याने दोन शास्त्रे नीट वेगळी ठेवलेली असतात. वर्तमानपत्र ती पुन्हा एकत्र करते.

व्हिसेराची बरणी पाहिली की फरक लगेच कळतो. डॉक्टर जठर, आतड्याचा तुकडा, यकृत, मूत्रपिंड काढून मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतो. त्या द्रावणाचाही थोडा नमुना वेगळा भरतो, म्हणजे विष द्रावणातूनच आले अशी शंका उरू नये. मग लेबल, लाखेचे सील आणि सोबत सीलचा ठसा. इथे डॉक्टरचे काम संपते. प्रयोगशाळेत सील जुळवून पाहिल्यावर पुढचे काम सुरू होते. मृत्यूच्या कारणाबद्दल ‘मत राखून ठेवले आहे’ असे डॉक्टर लिहितो ते या दुसऱ्या माणसाच्या भरवशावर.

हे तज्ज्ञ कायद्यात एकदम आले नाहीत. मुंबईत रासायनिक परीक्षकाची प्रयोगशाळा 1870 च्या सुमारास सुरू झाली, आणि विषप्रयोग शोधणे हे तिचे मुख्य काम होते. 1872 च्या पुरावा कायद्यातल्या कलम 45 ने परदेशी कायदा, विज्ञान, कला आणि हस्ताक्षर यांच्या जाणकारांचे मत ग्राह्य धरले. बोटांचे ठसे त्यात 1899 मध्ये घातले गेले, कारण 1897 मध्ये कोलकात्यात ठशांचा विभाग सुरू झाला होता.

खरा पेच 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलम 293 चा आहे, आणि त्याची जेवढी चर्चा व्हायला हवी तेवढी होत नाही, असे मला वाटते. काही सरकारी तज्ज्ञांचा अहवाल त्यांना साक्षीला न बोलावताही वाचता येतो. यादीत रासायनिक परीक्षक, स्फोटकांचे नियंत्रक, ठसे विभागाचे संचालक, प्रयोगशाळांचे संचालक, सरकारी रक्तद्रवतज्ज्ञ आहेत. हस्ताक्षरतज्ज्ञ त्यात नावाने नाही. शवविच्छेदन करणारा डॉक्टरही नाही. आरोपीने अहवाल मान्य केला नाही तर डॉक्टरला पिंजऱ्यात उभे राहून उलटतपासणी सोसावी लागते. न्यायालय रसायनतज्ज्ञालाही बोलावू शकते, पण न बोलावताच काम भागवण्याची मुभा कायद्याने दिली आहे. म्हणजे कोणाला प्रश्न विचारले जाणार हे तो तज्ज्ञ कोणत्या यादीत आहे यावर ठरते. सगळ्यांना ‘न्यायवैद्यक’ म्हटले की हा फरक वाचकाच्या नजरेतून निसटतो, आणि आरोपीच्या दृष्टीने तो फार मोठा आहे.

पुण्याला याचा धडा 2008 मध्ये मिळाला. विषप्रयोगाच्या एका खटल्यात इथल्या सत्र न्यायालयाने मेंदूच्या विद्युत लहरींच्या चाचणीचा अहवाल इतर पुराव्यांबरोबर विचारात घेतला आणि जन्मठेप सुनावली. जगभर टीका झाली. 5 मे 2010 रोजी सर्वोच्च न्यायालयाने नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूची चाचणी संमतीशिवाय घेण्यास मनाई केली.

मे 2024 मध्ये कल्याणीनगरच्या पोर्शे अपघातानंतर अल्पवयीन चालकाच्या रक्ताचा नमुना बदलल्याचा आरोप पोलिसांनी केला. नमुना घेणारे वेगळे, तपासणारे वेगळे आणि डीएनए जुळवून तो कोणाचा ते सांगणारे वेगळे, हे त्या वेळी पुणेकरांना पहिल्यांदा स्पष्ट दिसले. तरी मथळे ‘न्यायवैद्यक’चेच होते.

1 जुलै 2024 पासून फौजदारी प्रक्रियेचे आणि पुराव्याचे नवे कायदे लागू झाले. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे बंधनकारक झाले, मात्र अंमलबजावणीसाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. पुरावा कायद्यातल्या जुन्या कलम 45 ची जागा घेणाऱ्या नव्या कलम 39 मध्ये ‘किंवा इतर कोणतेही क्षेत्र’ हे शब्द आले. कलम 293 ची यादी जवळपास तशीच राहून 329 झाली. आणि मोबाइल किंवा सीसीटीव्हीचा पुरावा द्यायचा तर प्रमाणपत्राच्या दुसऱ्या भागावर ‘तज्ज्ञा’ची सही लागते. ही सही नेमकी कोणाची, हा प्रश्न आता शिवाजीनगरच्या न्यायालयात वकील एकमेकांना विचारतात.