मुलाचा कॅन्सर आणि घरावरचा ताण: याकडे लक्ष कधीपासून जायला लागलं

लहान मुलांच्या कॅन्सरचा विषय निघाला की आपल्याकडे केमो, खर्च आणि मुंबईच्या फेऱ्या एवढंच बोललं जातं. घरच्यांचं काय होतं आणि त्याचा पोरावर काय परिणाम होतो हे कोणी विचारत नाही, आणि खरं तर जगभरातल्या डॉक्टरांनीही ते फार उशिरा विचारलं.

कारण सरळ होतं, मुलं जगायचीच नाहीत. १९४८ मध्ये बोस्टनला सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन देऊन काही मुलांचा ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) तात्पुरता मागे हटवून दाखवला (हे औषध भारतीय शास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या टीमने दिलं होतं, आपल्या माणसाचं हे काम आपल्यालाच माहीत नसतं याचं वाईट वाटतं). पण आजार परत यायचा. मग पोराला काही सांगायचं नाही, आईने त्याच्यासमोर रडायचं नाही, असाच शिरस्ता पडला. हॉस्पिटलात आईबापांना भेटायच्या वेळासुद्धा ठरलेल्या असायच्या, ब्रिटनमध्ये १९५९ ला प्लॅट समितीने सांगितलं की आईवडिलांना केव्हाही येऊ द्या.

या लपवालपवीला पहिला मोठा धक्का दिला मानववंशशास्त्रज्ञ मायरा ब्लूबाँड-लँगनर यांनी. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या एका वॉर्डात त्या ३ ते ९ वर्षांच्या ल्युकेमियाच्या मुलांसोबत राहिल्या, त्यांचं बोलणं-खेळणं बघितलं, आणि कळलं काय तर मुलांना सगळं माहीत होतं. आधी औषधांची नावं, मग आजार जातो आणि परत येतो हे, आणि बरोबरचं एखादं मूल गेलं की आपणही जाणार हेही. तरी ती गप्प बसायची, कारण आपण बोललो तर आईबाबांना त्रास होईल. म्हणजे मोठे पोराला जपतायत आणि पोर मोठ्यांना, आणि दोघंही एकटे. आपल्याकडे आजही "तिच्यासमोर बोलू नका हं, रक्त कमी आहे एवढंच सांगितलंय" असं आत्या-मावश्या दारातच सांगतात, आणि आतली सात वर्षांची मुलगी आईला विचारते, आज काउंट (रक्तातल्या पेशींचा आकडा) किती आले.

तिकडे १९६२ लाच अमेरिकेत मेम्फिसमध्ये सेंट ज्यूड हे मुलांचं हॉस्पिटल सुरू झालं होतं, अनेक औषधं एकत्र देणारी ट्रीटमेंट आली, मुलं बरी व्हायला लागली, आज श्रीमंत देशांत ८० टक्क्यांहून जास्त बरी होतात. पण मग ताण काही महिन्यांचा न राहता दोन-तीन वर्षांचा झाला. १९९७ मध्ये मानसशास्त्रज्ञ अ‍ॅन कझाक यांच्या टीमने ल्युकेमियातून बरी झालेली मुलं आणि त्यांचे आईवडील तपासले, तर आघातानंतरच्या ताणाची लक्षणं आईवडिलांमध्ये इतर पालकांपेक्षा जास्त निघाली, मुलांमध्ये तसा फरक नव्हता! आईबापांची काळजी हाही ट्रीटमेंटचाच भाग, हे मग हळूहळू मान्य झालं आणि २०१५ मध्ये मानसिक-सामाजिक काळजीचे १५ निकष छापून आले, त्यात पालकांची मानसिक तब्येतही आहे आणि भावंडंही.

आता नाशिककडे बघा. परळचं टाटा हॉस्पिटल १९४१ पासून आहे, इथली कुटुंबं कसारा घाट उतरून तिकडे जात आलीयत. मुंबईत राहायचं कुठे हा प्रश्न मोठा, तिथे सेंट ज्यूड इंडिया या (मेम्फिसच्या हॉस्पिटलहून वेगळ्या) संस्थेची मोफत राहायची सोय २००६ पासून आहे. आता नाशिकमध्येही कॅन्सरचे उपचार होतात आणि आज महात्मा फुले नावाने चालणारी सरकारी आरोग्य योजना २०१३ मध्ये राज्यभर आल्यापासून ऑपरेशन-केमोच्या बिलाचा भार बराच हलका झाला. पण घर तुटतं ते बिलाच्या बाहेर. दिंडोरीतला बाप ऑक्टोबर छाटणीला द्राक्षबागेत गेला नाही तर त्याची मजुरी बुडते, गेला तर केमोच्या दिवशी आई एकटी, आणि धाकटा महिनोन्‌महिने आजीकडे, ताईला नक्की काय झालंय हे त्याला कोणीच सांगितलेलं नसतं. सुरगाणा-पेठकडच्यांना तर ताप आला की रात्री गाडी शोधण्यापासून सुरुवात. काउंट पडलेले असताना ताप म्हणजे इमर्जन्सी असते, त्या रात्री आईच्या हाताला सुटलेला कंप पोर बघत असतं. केमोच्या प्रत्येक अपॉइंटमेंटला पोराच्या काउंटसोबत आई झोपते का, बाप कामावर जातो का, धाकटा शाळेत जातो का, एवढं तरी विचारायला वॉर्डात एक माणूस हवा आणि त्याचा पगार योजनेतूनच निघायला हवा.