कारखान्यातलं घर कच्चं असतं?

कारखान्यात बनवून ट्रकवर आणलेलं घर म्हणजे पत्र्याचा डबा, चार दिवसांचा सोबती, हा समज जुनाच. कॅनडातल्या मॉन्ट्रियलचं हॅबिटॅट 67 हे निवासी संकुल बघा: काँक्रीटचे 354 तयार खोके रचून 1967 साली उभं राहिलं, आजही लोक तिथे राहतात. मुळात खोली क्रेनने उचलायची, रस्त्याचे हादरे सोसत न्यायची, म्हणजे सांगाडा भक्कम ठेवावाच लागतो.

खरी मेख सांध्यात. 1968 मध्ये लंडनच्या रोनन पॉइंट इमारतीत गॅसस्फोटाने भिंतीचं पॅनल निसटलं आणि 22 मजली इमारतीचा एक कोपरा ढासळला. (तिथे सुट्या भिंती होत्या, अख्ख्या खोल्या नव्हेत, बदनामी मात्र सगळ्यांचीच झाली.) तेव्हा भिंतीवर टकटक करत बसू नका, खोल्या एकमेकींना कशाने जोडल्यात आणि सांध्यात पाणी मुरू नये म्हणून काय केलंय, ते विचारा.