खपली गहू आणि तांबेऱ्याविरुद्धची शंभर वर्षांची झुंज

सांगली, सातारा, कोल्हापूर आणि बेळगाव या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या पिकणाऱ्या खपली गव्हाला अलीकडे शहरांत पुन्हा मागणी आली आहे, ती मुख्यतः आहाराच्या दृष्टीने. मात्र वनस्पतिरोगशास्त्रात खपलीचे नाव शंभर वर्षांपूर्वीच, अगदी निराळ्या कारणासाठी, नोंदले गेले. खोडावरच्या काळ्या तांबेऱ्याला हा गहू सहसा बळी पडत नाही. तो बळी का पडत नाही, याचा शोध घेताना वनस्पती स्वतःचे रक्षण कसे करतात याविषयीचे बरेचसे ज्ञान हाती आले.

तांबेरा हा गव्हाइतकाच जुना शत्रू आहे. प्राचीन रोममध्ये दरवर्षी 25 एप्रिलला रोबिगस या तांबेऱ्याच्या देवतेला बळी देऊन पिकासाठी अभय मागितले जाई. पानाखोडांवरची ती गंजासारखी भुकटी म्हणजे एक परजीवी बुरशी आहे, हे फेलिचे फोंताना आणि जोव्हान्नी तार्जोनी तोझेत्ती या दोन इटालियन अभ्यासकांनी 1767 मध्ये स्वतंत्रपणे दाखवले. पुढे 1865 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ अँटोन द बारी यांनी ही बुरशी आपल्या जीवनचक्राचा काही भाग बारबेरी नावाच्या झुडपावर काढते, हे प्रयोगाने सिद्ध केले. फ्रान्समधील रुआँच्या शेतकऱ्यांना बारबेरीचा संशय त्याच्या दोनशे वर्षे आधीपासून होता आणि ती तोडण्याचा नियमही तेथे झाला होता. शास्त्राने शेतकऱ्याच्या निरीक्षणाला उशिरा दुजोरा दिल्याचे हे काही एकमेव उदाहरण नव्हे.

बुरशी कळली, तरी तिच्या तावडीतून काही रोपे कशी सुटतात हे कळायला विसावे शतक उजाडावे लागले. प्राण्यांच्या अंगात फिरत्या संरक्षक पेशी असतात, तशा वनस्पतींत नसतात. त्यामुळे प्रत्येक पेशीला आपले रक्षण जागच्या जागी करावे लागते. तांबेऱ्याचा बीजाणू पानावर रुजतो, पर्णरंध्रातून आत शिरतो आणि पेशींच्या भित्ती भेदून त्यांत अन्न शोषणारे अवयव रोवतो. ही बुरशी जिवंत पेशींवरच जगते, आणि रोपाचा बचाव नेमका याच गोष्टीवर उभा आहे. केंब्रिजचे हॅरी मार्शल वॉर्ड आणि त्यांच्यानंतर मिनेसोटा विद्यापीठाचे एल्विन स्टॅकमन यांना प्रतिकारक्षम रोपांत असे आढळले, की बुरशीने आत पाऊल टाकताच तिच्या संपर्कात आलेल्या पेशी स्वतःहून मरतात आणि त्या मृत भागात बुरशी उपाशी पडते. पानावर उरतो तो फक्त एक बारीक फिकट ठिपका. या प्रकाराला स्टॅकमन यांनी 1915 मध्ये अतिसंवेदनशीलता म्हटले. दरम्यान 1905 मध्ये केंब्रिजचेच रोलंड बिफेन यांनी पिवळ्या तांबेऱ्याविरुद्धचा (गव्हावरील तांबेऱ्याचा आणखी एक प्रकार) प्रतिकार मेंडेलच्या नियमांनुसार पुढच्या पिढीत उतरतो हे दाखवून दिले होते, त्यामुळे प्रतिकारक्षम वाण हेतुपूर्वक तयार करता येतील अशी आशा निर्माण झाली.

ही आशा फार काळ निर्वेध राहिली नाही, कारण एका प्रदेशात टिकणारा वाण दुसरीकडे सपशेल बळी पडे. बुरशी दिसायला एकच असली तरी तिचे अनेक उपप्रकार असतात आणि प्रत्येकाची मारक क्षमता वेगळी असते, हे स्टॅकमन यांनी ओळखले. ते उपप्रकार ओळखण्यासाठी त्यांनी आणि मोझेस लेव्हिन यांनी बारा गव्हांचा एक संच ठरवला आणि तो पुढे जगभर वापरला गेला. अमेरिकी, रशियन, भूमध्यसागरी अशा वाणांच्या त्या यादीत एक नाव होते खपली, आणि बहुतेक सर्व उपप्रकारांना दाद न देणारा गहू ही त्याची ओळख होती.

बुरशी आणि यजमान यांच्यातील या व्यवहाराचा नियम मात्र गव्हात नव्हे, तर जवसात सापडला. उत्तर डकोटात हॅरोल्ड फ्लोर यांनी जवसाच्या रोपांचे संकर केले आणि त्यांच्यावरच्या तांबेऱ्याचेही. त्यातून 1940 च्या दशकात त्यांनी असा निष्कर्ष मांडला, की रोपातील प्रत्येक प्रतिकारक जनुकाला जुळणारे एक जनुक बुरशीत असते. रोपाचे जनुक बुरशीच्या त्या जनुकाची खूण ओळखते आणि मग बचाव सुरू होतो; बुरशीत बदल होऊन ती खूण पुसली गेली, की तोच वाण हतबल ठरतो. 1950 च्या दशकात 15बी नावाच्या उपप्रकाराने अमेरिकेतील दुरम (पास्त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कठीण) गव्हाचे निम्म्याहून अधिक पीक बुडवले, तेव्हा हा नियम शेतकऱ्यांना फार महागात समजला.

या काळात खपलीचे मोल वाढले. खपलीच्या पेशीत 28 गुणसूत्रे, तर नेहमीच्या रोटीच्या गव्हात 42. त्यामुळे दोहोंचा संकर अवघड आणि संतती बहुधा वांझ निघते. तरीही सिडनी विद्यापीठाच्या वॉल्टर वॉटरहाउस यांनी खपली आणि स्टाइनवेडेल या वाणांपासून खपस्टाइन हा गहू तयार केला. कॅनडाच्या डग्लस नॉट यांनी 1962 मध्ये खपस्टाइनच्या 15बीविरुद्धच्या प्रतिकाराचे विश्लेषण प्रसिद्ध केले. खपलीतून आलेली प्रतिकारक जनुके आज एसआर13 आणि एसआर14 या नावांनी ओळखली जातात; एसआर म्हणजे ‘स्टेम रस्ट’, खोडावरचा तांबेरा.

भारतात या प्रश्नाचे स्वरूप वेगळे होते. आग्र्याच्या के. सी. मेहता यांनी सिद्ध केले, की येथे बारबेरीला महत्त्व नाही. मैदानी प्रदेशातील उन्हाळ्यात बीजाणू मरतात, पण डोंगराळ भागातील गव्हावर ते टिकतात आणि हंगामात वाऱ्याबरोबर खाली येतात. मध्य आणि दक्षिण भारतात येणारा काळा तांबेरा मुख्यतः निलगिरी व पळणीच्या डोंगरांतून येतो. दख्खनचा उबदार हिवाळा त्याला मानवतो, आणि खपली याच प्रदेशात टिकून राहिली हा निव्वळ योगायोग वाटत नाही. महाबळेश्वरला गेरव्याच्या संशोधनासाठी, म्हणजे तांबेऱ्यासाठी, स्वतंत्र केंद्र असण्यामागेही हीच पार्श्वभूमी आहे.

1998 मध्ये युगांडात आढळलेल्या आणि पुढे यूजी99 या नावाने ओळखल्या गेलेल्या उपप्रकाराने हा विषय पुन्हा ऐरणीवर आणला. राय या धान्यातून घेतलेले एसआर31 हे जनुक जगभरच्या असंख्य वाणांत होते आणि या उपप्रकाराने तेच निकामी केले. यूजी99 गटाला रोखू शकणाऱ्या मोजक्या जनुकांत एसआर13 होते. त्याची रचना 2017 मध्ये उलगडली. पेशीच्या आत राहून बुरशीने सोडलेल्या प्रथिनांची चाहूल घेणाऱ्या प्रथिनांच्या मोठ्या कुळात ते मोडते.

तरीही इथिओपियात एसआर13 ला न जुमानणारे उपप्रकार सापडले आहेत. याउलट अमेरिकी पैदासकार एडगर मॅकफॅडन यांनी शंभर वर्षांपूर्वी यारोस्लाव या खपलीच्याच जातकुळीतल्या गव्हातून आणलेले एसआर2 बुरशीला पूर्ण रोखत नाही, फक्त तिचा वेग कमी करते, आणि नेमके तेच अजून उपयोगी आहे. म्हणून आताचे पैदासकार एकाच जबर जनुकावर विसंबण्याऐवजी अशी मंद पण टिकाऊ जनुके आणि दोन-तीन जबर जनुके एकाच वाणात एकत्र आणतात, जेणेकरून बुरशीला एकाच वेळी अनेक बदल करावे लागतील.