तोंड न दाखवणारे मुंगूस

बांधावरून मुंगूस सरकताना दिसले की ‘मुंगसा मुंगसा तोंड दाखव, रामाची शपथ’ असे म्हणत खानदेशातली मुले त्याच्यामागे धावतात, कारण त्याचे तोंड दिसणे शुभ मानले जाते. मनुष्यवाणीने बोलणारे मुंगूसही आपल्याला परके नाही. महाभारताच्या आश्वमेधिक पर्वात अर्धे अंग सोन्याचे असलेले एक मुंगूस बिळातून बाहेर येते आणि युधिष्ठिराच्या यज्ञाला कुरुक्षेत्रातील एका दरिद्री ब्राह्मणाने दिलेल्या मापभर सातूच्या पिठाचीही सर नाही, असे भरमंडपात सांगते. हे मुंगूस सर्वांसमोर येऊन बोलते, ही बाब मला फार महत्त्वाची वाटते, कारण आयरिश समुद्रातील आयल ऑफ मॅन या बेटावर १९३१ साली ज्या मुंगसाची कथा सुरू झाली, त्याने पाहुण्यांना कधीच तोंड दाखवले नाही.

डालबी गावाजवळच्या टेकडीवरील एका एकाकी शेतघरात जेम्स आयर्विंग, पत्नी मार्गारेट आणि तेरा वर्षांची मुलगी व्होइरे यांच्यासह राहत होते. त्या वर्षीच्या सप्टेंबरात भिंतीमागे खुडबुड सुरू झाली आणि हळूहळू त्या आवाजाचे शब्द झाले. आपले नाव गेफ असून आपण १८५२ साली दिल्लीत जन्मलेले मुंगूस आहोत, असे तो आवाज सांगू लागला. इंग्लंडच्या शेजारच्या बेटावर मुंगूसच का, या प्रश्नाला एक स्थानिक उत्तर दिले जाते: १९१२ च्या सुमारास तिथल्या एका शेतकऱ्याने सशांचा उपद्रव आवरण्यासाठी मुंगसे सोडल्याचे सांगितले जात असे.

माझ्या मते कथेचे खरे मूळ त्या घराच्या बांधणीत शोधावे लागते. दगडी भिंतींना आतून फळ्या ठोकलेल्या होत्या व दोहोंमध्ये पोकळी राहिली होती, त्यामुळे एका खोलीतला आवाज भलत्याच ठिकाणाहून आल्यासारखा वाटे. आपल्याकडच्या धाब्याच्या घरांच्या जाड मातीच्या भिंतींना अशी पोकळी नसते.

भूतबाधेचे संशोधक हॅरी प्राइस आणि संपादक रिचर्ड लॅम्बर्ट जुलै १९३५ मध्ये तिथे गेले, तेव्हा आवाज गप्प राहिला. गेफचे म्हणून दिलेले केस तज्ज्ञांनी तपासले असता ते कुत्र्याचे निघाले आणि संशय घरच्याच मोना या कुत्रीवर गेला. पुढे या प्रकरणावरून आपली बदनामी झाली म्हणून लॅम्बर्ट यांनी १९३६ साली खटला भरला व साडेसात हजार पौंड भरपाई मिळवली.

जेम्स १९४५ मध्ये वारले आणि मायलेकींनी घर विकले. काही काळाने नव्या मालकाने एक काळापांढरा प्राणी मारून हाच गेफ असल्याचे सांगितले, परंतु व्होइरे यांनी ते नाकारले. हा बनाव आपण रचला नव्हता, असे त्या २००५ साली निधन होईपर्यंत सांगत राहिल्या.